‘जीव वाचविण्यासाठी’ : अमेरिकेतील गर्भपातविषयक न्यायनिर्णयांतील एका शब्दप्रयोगाचा इतिहास

(१) विषयप्रवेश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गर्भपातविषयक निर्बंध आणि त्यांना न्यायालयांत दिली गेलेली आव्हाने यांचा इतिहास सामान्यतः दोन तारखांच्या आधारे सांगितला जातो. २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा निर्णय घेण्याच्या स्त्रीच्या हक्काला राज्यघटनेचे संरक्षण आहे असे ठरविले. आणि २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्ज विरुद्ध जॅक्सन विमेन्स हेल्थ ऑर्गनायझेशन’ या खटल्यात त्याच न्यायालयाने आपला तो निर्णय रद्द केला. यामुळे मधला एकोणपन्नास वर्षांचा काळ हक्काचा आणि त्याच्या अलीकडचा व पलीकडचा काळ निर्बंधांचा, अशी विभागणी रूढ झाली आहे. ही विभागणी अयथार्थ आहे असे नाही. परंतु तीमुळे एक महत्त्वाचा धागा दृष्टीआड होतो.

निर्बंध घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कायद्यात एक अपवाद ठेवलेला असे. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी केलेला गर्भपात हा गुन्हा नव्हे, असे त्या अपवादाचे तात्पर्य. हा अपवाद कायदेमंडळांनी जवळजवळ विनातक्रार मान्य केला, आणि निर्बंधांच्या कट्टर समर्थकांनीही तो सहसा नाकारला नाही. असे असता न्यायालयांत सर्वाधिक चर्चा, आणि रुग्णालयांत सर्वाधिक भीती, याच शब्दप्रयोगाभोवती साचत गेली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या शब्दांविषयी कोणाचाच तत्त्वतः विरोध नाही, ते शब्द व्यवहारात निरुपयोगी का ठरावेत?

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. घटनाशास्त्रातील तत्त्वचर्चा हा त्याचा अधिकारविषय नव्हे. येथे या एका शब्दप्रयोगाची वाक्यरचना कालक्रमाने तपासून एवढेच दाखवावयाचे आहे की, या खटल्यांतील वाद ‘जीव’ या शब्दाच्या अर्थापेक्षा, तो अर्थ कोणी व केव्हा ठरवावयाचा या प्रश्नावर अधिक अवलंबून होता. आणि हा प्रश्न १९७३ मध्ये सुटला नव्हता, केवळ मागे पडला होता.

(२) अपवादाची वाक्यरचना

इंग्लंडच्या रूढ विधीत गर्भाची हालचाल मातेला जाणवू लागण्यापूर्वीचा गर्भपात हा दंडनीय अपराध मानला जात नसे. हालचाल जाणवण्याच्या या क्षणाला ‘क्विकनिंग’ ही संज्ञा होती, आणि तो क्षण स्वतः स्त्रीवाचून दुसऱ्या कोणालाही सांगता येण्यासारखा नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१२ मध्ये हीच मर्यादा मान्य केली होती. लेखी कायद्यांचा प्रारंभ इंग्लंडमध्ये १८०३ साली आणि अमेरिकेत १८२१ साली कनेक्टिकट राज्यात झाला. पुढे न्यूयॉर्कने १८२८ च्या आपल्या संहितेत मातेचा जीव राखण्यासाठी आवश्यक असलेल्या, किंवा दोन वैद्यांनी तसा सल्ला दिलेल्या, कृतीचा अपवाद केला. कॅलिफोर्नियाचा कायदा १८५० चा, टेक्सासचा १८५४ चा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८५९ मध्ये गर्भपाताविरुद्ध ठराव केल्यानंतर निर्बंध अधिक कडक होत गेले, क्विकनिंगची मर्यादा बहुतेक राज्यांतून पुसली गेली, आणि स्त्रीच्या साक्षीच्या जागी वैद्याचे मत आले.

या अपवादवाक्यांचे विश्लेषण केल्यास त्यांत तीन स्थाने आढळतात. पहिले, ज्याचे रक्षण करावयाचे ते : केवळ जीव, की जीव व आरोग्य दोन्ही. दुसरे, कृतीचा त्या रक्षणाशी असलेला संबंध : ती ‘वाचविण्याच्या हेतूने’ केलेली असावी, की ‘वाचविण्यास आवश्यक’ असावी. तिसरे, हे सारे ज्याच्या दृष्टीने खरे असावयाचे तो ज्ञाता : शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, कोणीही सुज्ञ डॉक्टर, की न्यायालय. पहिल्या स्थानाला आपण संरक्ष्य म्हणू, दुसऱ्याला संबंध, आणि तिसऱ्याला दृष्टी.

या तीन स्थानांपैकी सार्वजनिक वादात पहिल्याचीच चर्चा होते. परंतु रचनेच्या दृष्टीने निर्णायक स्थान तिसरे होय. ‘आवश्यक’ हा शब्द कोणाच्या दृष्टीने आवश्यक हे सांगितल्याविना वापरला, म्हणजे ती जागा रिकामी राहते. आणि कायद्यातील रिकामी जागा रिकामी राहत नाही, ती नंतर ज्यूरी भरते. शिवाय ‘वाचविणे’ हे क्रियापद असे आहे की, त्यात संकट गृहीत असते, पण ते संकट किती जवळ आले असावे हे त्यात सांगितलेले नसते. संकट टळले की ते होते किंवा नव्हते याचा पुरावाही त्याबरोबरच नाहीसा होतो. ज्या स्त्रीवर वेळीच उपचार झाला ती जिवंत राहते, आणि तिचे जिवंत असणे हेच ‘उपचार आवश्यक नव्हता’ या आरोपाला आधार पुरवू शकते. भाषेतील ही साधी अडचण फौजदारी कायद्यात शिरली की डॉक्टरच्या स्वातंत्र्यावर आणि रुग्णाच्या प्राणावर येते.

(३) इंग्लंडमधील १९३८ चा खटला

या अडचणीचे पहिले स्पष्ट न्यायालयीन विवेचन अमेरिकेत झाले नाही, इंग्लंडमध्ये झाले. आणि पुढील अमेरिकन खटल्यांची तुलना करण्यास ते उपयोगी असल्याने येथे त्याचा निर्देश करणे अवश्य आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील शल्यविशारद अॅलेक बोर्न यांनी १९३८ मध्ये सैनिकांच्या बलात्काराला बळी पडलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा गर्भपात केला आणि त्याची माहिती स्वतःहून अधिकाऱ्यांना दिली. ज्या १८६१ च्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला भरला गेला, त्यात जीव वाचविण्याचा अपवाद शब्दशः नव्हता. होते ते केवळ ‘बेकायदेशीरपणे’ हे क्रियाविशेषण. न्यायमूर्ती मॅकनॉटन यांनी असा विचार मांडला की, ‘बेकायदेशीरपणे’ असे म्हटले असता ‘कायदेशीरपणे’ करण्याचीही काही शक्यता असलीच पाहिजे. आणि ती शक्यता कोणती हे त्यांनी १९२९ च्या दुसऱ्या एका कायद्यातील, मातेचा जीव राखण्याच्या एकमेव हेतूने व सद्भावनेने केलेल्या कृतीच्या अपवादावरून ठरविले.

त्याहून महत्त्वाचा त्यांनी ज्यूरीला केलेला खुलासा. जीव आणि आरोग्य यांच्यामध्ये काटेकोर सीमारेषा नाही, आणि स्त्री मृत्यूच्या दारात येईपर्यंत डॉक्टरने थांबावे असे कायद्याचे म्हणणे नाही, असे त्यांनी सांगितले. बोर्न निर्दोष सुटले. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे संबंध हेतूचा होता आणि दृष्टी सद्भावनेने वागणाऱ्या डॉक्टरची होती. म्हणून संरक्ष्य पद ‘जीव’ एवढेच असूनही त्याचा अर्थ आरोग्यापर्यंत पोहोचू शकला.

(४) बेलस आणि वुइच : एकाच अडचणीची दोन उत्तरे

अमेरिकेत हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ऐरणीवर आला. तोपर्यंत रुग्णालयांतील वैद्यकीय समित्या कोणत्या रुग्णाला अपवादात बसवावयाचे ते आपसात ठरवीत, आणि ज्यांना रुग्णालयाचा दरवाजा उघडत नसे त्या स्त्रिया अन्यत्र जात. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने १९६२ च्या आपल्या आदर्श दंडसंहितेत शारीरिक व मानसिक आरोग्य, गर्भातील गंभीर दोष आणि बलात्कार ही कारणे सुचविली. १९६७ मध्ये कोलोरॅडोने त्या धर्तीवर प्रथम कायदा केला. कायदेमंडळांत ही सुधारणा चालू असता न्यायालयांतून दुसरी वाट निघाली.

कॅलिफोर्नियात डॉ. लिऑन बेलस यांना, एका जोडप्याला गर्भपात करणाऱ्या वैद्याचे नाव सुचविल्याबद्दल, दोषी ठरविण्यात आले होते. जुन्या कायद्यातील शब्द ‘तिचा जीव राखण्यास आवश्यक’ असे होते. सप्टेंबर १९६९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हे शब्द घटनेच्या कसोटीला उतरण्याइतके निश्चित नाहीत असा निर्णय दिला. ‘आवश्यक’ म्हणजे अटळ, की हितकर? ‘राखणे’ म्हणजे मरू न देणे, की धड ठेवणे? मृत्यूची खात्री असल्याविना अपवाद लागू नाही असा अर्थ केल्यास तो स्त्रीच्या जगण्याच्या हक्कावरच घाला ठरतो, हेही न्यायालयाने दाखविले. १८५० मध्ये गर्भपाताची शस्त्रक्रिया स्वतःच प्राणघातक होती. १९६९ मध्ये प्रारंभीच्या आठवड्यांतील शस्त्रक्रिया प्रसूतीपेक्षा सुरक्षित झाली होती. शब्द तेच राहिले, पण ज्या जगाकडे ते बोट दाखवीत होते ते बदलले. न्यायालयाने आणखी एक मार्मिक निरीक्षण केले. डॉक्टरने चुकून होकार दिला तर त्याला शिक्षा, चुकून नकार दिला तर काहीच नाही. अशा पंचाला निःपक्षपाती म्हणता येत नाही. दृष्टीचे स्थान रिकामे ठेवल्याचा परिणाम इतक्या नेमकेपणाने क्वचितच सांगितला गेला असेल.

कोलंबिया जिल्ह्यातील, म्हणजे वॉशिंग्टन राजधानीतील, १९०१ च्या कायद्यात ‘मातेचा जीव किंवा आरोग्य राखण्यास आवश्यक’ असे शब्द होते. डॉ. मिलन वुइच यांच्यावरील खटल्यात न्यायाधीश गेसेल यांनी १९६९ मध्ये तो कायदा संदिग्ध ठरविला; परंतु एप्रिल १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी शब्दकोश उघडून ‘आरोग्य’ या शब्दात देहाबरोबर मनाचेही स्वास्थ्य येते असे सांगितले, आणि गर्भपात आवश्यक नव्हता हे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर टाकला. कायदा टिकला, पण त्याचा दंश निघून गेला. बेलस खटल्याने शब्द अपुरे म्हणून कायदा मोडला, वुइच खटल्याने शब्दांना अर्थ देऊन तो राखला. आणि दोहोंचे फलित डॉक्टरच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच झाले. यावरून, संरक्ष्य पद किती व्यापक आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शंकेचा फायदा कोणाला मिळतो यास महत्त्व असते, असे अनुमान काढावयास हरकत नाही.

(५) ‘रो’ : शब्दाकडून हक्काकडे

येथवर न्यायालयासमोर उभे राहणारे बहुधा आरोपी डॉक्टर होते. १९६९ पासून स्त्रिया स्वतः वादी म्हणून पुढे आल्या. न्यूयॉर्क येथील अशा दाव्यांपाठोपाठ मार्च १९७० मध्ये डॅलस येथे लिंडा कॉफी व सारा वेडिंग्टन या दोन तरुण वकील स्त्रियांनी, ‘जेन रो’ हे टोपणनाव घेतलेल्या एका गरोदर स्त्रीच्या वतीने, जिल्हा सरकारी वकील हेन्री वेड यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. टेक्सासच्या कायद्यात एकच अपवाद होता : वैद्यकीय सल्ल्याने, मातेचा जीव वाचविण्याच्या हेतूने केलेला गर्भपात. वादीच्या जिवाला धोका नव्हता. म्हणजे अपवादाच्या शब्दांचा अर्थ कितीही ताणला तरी ती त्यात बसणारी नव्हती. हे लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण त्यामुळे प्रश्न अपवादाच्या अर्थावरून नियमाच्या वैधतेकडे वळणे भाग होते.

तथापि हे वळण सहजासहजी घडले नाही. टेक्सासमधील तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने जून १९७० मध्ये कायदा रद्द ठरविताना हक्क आणि संदिग्धता अशी दोन्ही कारणे दिली होती. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी मे १९७२ मध्ये आपल्या सहकाऱ्यांपुढे ठेवलेल्या निर्णयाच्या पहिल्या मसुद्यात टेक्सासचा कायदा केवळ संदिग्धतेच्या कारणावरून फेटाळण्याचे योजिले होते. पुढे ऑक्टोबरमध्ये खटल्याची सुनावणी पुन्हा झाली, आणि जानेवारी १९७३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी जो निर्णय बाहेर आला त्यात व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा, म्हणजे चौदाव्या घटनादुरुस्तीतील ‘लिबर्टी’ या पदाचा, आधार घेतलेला होता. संदिग्धतेच्या मुद्द्याचा विचार करण्याचे कारण उरत नाही, असे निर्णयात स्पष्टच म्हटले आहे.

त्या निर्णयातही शब्दार्थचर्चा पुष्कळ आहे. राज्यघटनेत ‘व्यक्ती’ हा शब्द जेथे जेथे आला आहे त्या स्थळांची यादी देऊन, तो जन्मलेल्या मनुष्यालाच उद्देशून आहे असे ब्लॅकमन यांनी दाखविले. गर्भावस्था सुमारे २६६ दिवसांत संपते आणि अपील त्याहून लांबते, म्हणून दावा निकालात निघाला असे मानता येणार नाही, हेही त्यांनी ठरविले; अन्यथा कोणतीही गरोदर स्त्री अंतिम निर्णयापर्यंत पोहोचूच शकली नसती. त्याच दिवशी दिलेल्या ‘डो विरुद्ध बोल्टन’ या निर्णयाने जॉर्जियाच्या कायद्यातील रुग्णालय-समितीची व आणखी दोन डॉक्टरांच्या संमतीची अट काढून टाकली, आणि आरोग्याचा निर्णय घेताना देह, मन, कुटुंब व वय या सर्वांचा विचार डॉक्टरने करावा असे सांगितले.

यांतून निष्पन्न काय झाले? गर्भाला गर्भाशयाबाहेर जगण्याची क्षमता येईपर्यंत अपवादाची गरजच राहिली नाही. त्यानंतरच्या काळासाठी मात्र ‘जीव किंवा आरोग्य’ हा अपवाद, उचित वैद्यकीय मताच्या आधारे, अनिवार्य ठरला. हक्काच्या प्रकाशात अपवादाची सावली लहान झाली. परंतु ‘जीव वाचविणे’ म्हणजे काय, याचे अधिकृत उत्तर देण्याची संधी त्याचबरोबर निघून गेली.

(६) मधली एकोणपन्नास वर्षे

१९७३ नंतरच्या निर्णयांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी आपल्या विषयाशी निगडित असे थोडेच येथे घेतो. १९७९ च्या ‘कोलॉटी विरुद्ध फ्रँकलिन’ या खटल्यात पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यातील ‘जगण्यास समर्थ’ आणि ‘जगण्यास समर्थ असू शकेल’ या दोन शब्दप्रयोगांत भेद आहे की नाही हेच समजत नसल्यामुळे ते कलम संदिग्ध ठरले. १९८९ च्या ‘वेब्स्टर’ खटल्यात मिसुरीच्या कायद्याच्या प्रस्तावनेत मानवी जीवनाचा प्रारंभ गर्भधारणेपासून होतो असे विधान होते. न्यायालयाने ते केवळ मूल्यनिवेदन मानून त्यावर मत देण्याचे टाळले.

१९९२ चा ‘केसी’ निर्णय हक्काचे मूळ कायम ठेवून ‘अनुचित भार’ ही नवी कसोटी देणारा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातील एक गौण वाटणारा भाग आज विशेष महत्त्वाचा झाला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात ‘वैद्यकीय आणीबाणी’ची व्याख्या होती : मृत्यू टाळण्यासाठी तात्काळ गर्भपात करणे भाग पडावे, किंवा विलंबामुळे शरीराच्या एखाद्या प्रमुख कार्याची भरून न येणारी मोठी हानी होण्याचा गंभीर धोका असावा. गर्भजलाची पिशवी अकाली फुटणे, गर्भिणीचा रक्तदाब धोकादायकपणे वाढविणारा विकार, आणि अटळ झालेला गर्भपात या तीन स्थिती व्याख्येबाहेर राहतील, असा वादींचा आक्षेप होता. त्या तिन्ही व्याख्येत येतात, असा अर्थ खालच्या न्यायालयाने लावला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. म्हणजे व्याख्या टिकली ती तिच्या शब्दांमुळे नव्हे, तिला दिलेल्या अर्थामुळे.

नामकरणाचा वाद याच काळात तीव्र झाला. एका विशिष्ट शस्त्रक्रियेवर बंदी घालणाऱ्या २००३ च्या संघीय कायद्यास २००७ च्या ‘गोंझालेस विरुद्ध कार्हार्ट’ निर्णयाने मान्यता दिली, तेव्हा विरोधी निर्णयपत्रात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी बहुमताच्या शब्दयोजनेवरच बोट ठेवले : स्त्रीरोगतज्ज्ञांना त्यांच्या पदवीने न संबोधता गर्भपाताशी जोडलेल्या हीनत्वसूचक नावाने संबोधले आहे, आणि गर्भास ‘अजन्मा बालक’ म्हटले आहे. नाव देण्यातच निर्णयाचा अर्धा भाग उरकला जातो, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. न्यायमूर्तींनी ते निर्णयपत्रात नोंदवावे, हे मात्र लक्षणीय होय.

(७) जुन्या शब्दाचे पुनरागमन

डॉब्ज निर्णयात न्यायमूर्ती अलिटो यांनी, ‘लिबर्टी’ या पदात अनुक्त हक्क वाचावयाचा असेल तर तो राष्ट्राच्या इतिहासात व परंपरेत खोल रुजलेला असला पाहिजे, या कसोटीवर भर दिला आणि १८६८ मधील ३७ राज्यांपैकी २८ राज्यांत गर्भपात सर्व अवस्थांत दंडनीय होता, असे प्रतिपादन केले. अमेरिकेतील इतिहासकारांच्या दोन प्रमुख संस्थांनी, क्विकनिंगपूर्व काळातील मोकळीक या विवेचनात डावलली गेली, अशी संयुक्त हरकत जुलै २०२२ मध्ये नोंदविली. तो वाद इतिहासाच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे तपासण्यासारखा आहे. आपल्या दृष्टीने परिणाम असा झाला की, अनेक राज्यांत नियम पुन्हा पूर्ण बंदीचा झाला आणि एकोणपन्नास वर्षे बाजूला पडलेला अपवाद पुन्हा एकमेव दरवाजा बनला.

टेक्सासच्या नव्या कायद्यात डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलरचा दंड सांगितला आहे. अपवाद आहे तो, गर्भावस्थेमुळे उद्भवलेल्या प्राणघातक शारीरिक स्थितीत मृत्यूचा, किंवा शरीराच्या प्रमुख कार्याच्या मोठ्या हानीचा गंभीर धोका असेल तर. आणि तो धोका ‘वाजवी वैद्यकीय निर्णया’नुसार ठरावयाचा. मार्च २०२३ मध्ये काही स्त्रियांनी राज्याविरुद्ध दावा दाखल केला. त्यांपैकी एकीची गर्भजलाची पिशवी अठराव्या आठवड्यात फुटली होती. गर्भ वाचण्याची आशा नव्हती, पण त्याचे हृदय चालू होते, म्हणून तिच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरेपर्यंत डॉक्टर थांबले. जी स्थिती १९९२ मध्ये न्यायालयाने ‘आणीबाणी’च्या व्याख्येत समाविष्ट केली होती तीच ही स्थिती होय. व्याख्येचे शब्द बरेचसे सारखे; परंतु तेथे अर्थ आधी सांगितला गेला होता, येथे तो खटल्यानंतर कळावयाचा होता.

जिल्हा न्यायालयाने डॉक्टरचे सद्भावनेने बनलेले मत पुरेसे मानले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२४ रोजी तो हुकूम रद्द केला. मृत्यू समोर येऊन ठेपलाच पाहिजे असे कायद्याचे म्हणणे नाही, हे त्या न्यायालयानेही सांगितले. मात्र निर्णयाची कसोटी डॉक्टरच्या सद्भावनेची नसून वाजवीपणाची आहे, असे ठरविले. एकच दृष्टिपद बदलले आणि भीतीचा सारा भार पुन्हा डॉक्टरवर आला. कारण सद्भावना माणसाला स्वतःपुरती कळते, वाजवीपणा मात्र इतरांनी ठरवावयाचा असतो. धोका नजीकचा असण्याची आवश्यकता नाही, असा खुलासा करणारा कायदा टेक्सास विधिमंडळाला शेवटी २०२५ मध्ये करावा लागला. मॅकनॉटन यांनी ज्यूरीला जे १९३८ मध्ये सांगितले होते, ते सत्त्याऐंशी वर्षांनी कायद्याच्या कागदावर उतरले.

इतर राज्यांतील निर्णयांत एकवाक्यता नाही. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, प्रत्यक्ष आणीबाणी येईपर्यंत थांबण्याची अट राज्याच्या घटनेशी विसंगत ठरविली. ॲरिझोनाच्या न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये १८६४ चा कायदा पुनरुज्जीवित केला, आणि पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने तो रद्द केला. विस्कॉन्सिनमध्ये १८४९ पासूनचा कायदा नंतरच्या कायद्यांनी गर्भितार्थाने निरस्त झाला आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ठरविले.

(८) त्याच शब्दाचे भारतीय रूप

हा शब्दप्रयोग आपल्याकडेही त्याच इंग्रजी परंपरेतून आला असल्यामुळे तुलनेसाठी भारतीय कायद्याकडे थोडक्यात पाहणे अप्रस्तुत होणार नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ मध्ये, स्त्रीचा जीव वाचविण्याच्या हेतूने व सद्भावनेने केलेल्या गर्भपाताचा अपवाद होता. संबंध हेतूचा आणि दृष्टी कर्त्याची, अशी ही रचना. आणि ‘सद्भावना’ म्हणजे योग्य काळजी व लक्ष, असा तिचा अर्थ त्याच संहितेच्या कलम ५२ मध्ये निश्चित केलेला होता. महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने दोन वर्षांनी अहवाल दिला, आणि त्यावर आधारलेला वैद्यकीय गर्भसमापनाचा अधिनियम १९७१ मध्ये, म्हणजे ‘रो’ निर्णयापूर्वी दीड वर्ष, संमत झाला. त्याने स्त्रीला हक्क दिला नाही. परंतु ‘सद्भावनेने बनविलेले मत’ हे दृष्टिपद कायम राखून संरक्ष्य पद मानसिक आरोग्यापर्यंत वाढविले, आणि कलमाला जोडलेल्या ‘स्पष्टीकरणां’तून बलात्कारजन्य गर्भधारणेच्या यातनांना मानसिक आरोग्याची गंभीर हानी मानावे असे सांगितले.

तथापि ठराविक मुदतीनंतरच्या गर्भासाठी कलम ५ मध्ये ‘जीव वाचविण्यास तात्काळ आवश्यक’ हे जुने शब्द राहिलेच. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका डॉक्टरने व एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयातील गंभीर दोषामुळे, या शब्दांचा अर्थ व्यापक करावा अशी याचना केली. न्यायालयाने ती फेटाळली. ही उणीव २०२१ च्या दुरुस्तीने बऱ्याच अंशी भरून काढली : वैद्यकीय मंडळाने गर्भातील मोठा दोष निश्चित केल्यास मुदतीची मर्यादा उरली नाही. याच दुरुस्तीने स्पष्टीकरणातील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ हे शब्द घातले. आणि त्या शब्दबदलाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदींचा लाभ दिला. डॉब्ज निर्णयानंतर अवघ्या तीन महिन्यांनी आलेला हा निर्णय हक्काच्या तत्त्वाइतकाच एका नामाच्या बदलावर उभा आहे.

(९) समारोप

या सर्व विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, अपवादाचे शब्द अधिक काटेकोर केल्याने अडचण दूर होईल, हा समज इतिहासाच्या कसोटीला पूर्णतः उतरत नाही. व्याख्या लांबली तरी ‘गंभीर’, ‘मोठा’, ‘प्रमुख’ अशी मात्रावाचक विशेषणे तीत शिरतात, आणि त्यांची मात्रा ठरविणारा ज्ञाता मोकळाच राहतो. बोर्न, वुइच आणि भारतीय अधिनियम या तिन्ही ठिकाणी शब्द सैल असूनही व्यवहार चालला, कारण त्या शब्दांचा अर्थ शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाजवळ असलेल्या माणसाने लावावयाचा होता, किंवा शंका आल्यास तिचा भार राज्याने वाहावयाचा होता. बेलसपूर्व कॅलिफोर्नियात व डॉब्जनंतरच्या टेक्सासमध्ये तोच अर्थ घटनेनंतर, आणि शिक्षेचा अधिकार असलेल्यांनी लावावयाचा होता.

दुसरी गोष्ट अशी की, हक्क आणि अपवाद यांना एकमेकांचे पर्याय समजणे धोक्याचे आहे. १९७३ च्या निर्णयाने हक्क दिला. पण अपवादाचा अर्थ पक्का केला नाही, आणि हक्क गेला त्या दिवशी डॉक्टरांच्या हाती एकोणिसाव्या शतकातील वाक्यरचनाच उरली. तिची किंमत रुग्णालयांत वाट पाहणाऱ्या स्त्रियांनी दिली. कायद्याच्या इतिहासात निर्णयांच्या तारखा नोंदल्या जातात. त्यांतील वाक्यांचा इतिहास नोंदण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनीही अंगावर घेतले पाहिजे. आपल्याकडील अधिनियमांचे मराठी पाठ, त्यांतील ‘सद्भावनेने’, ‘आवश्यक’, ‘तात्काळ’ यांसारखी पदे आणि त्यांवरील निर्णय यांचा पद्धतशीर अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुष्कळ सामग्री पुरवील. आणि तो केवळ विद्याविनोद ठरणार नाही, हे वरील इतिहासावरून पुरेसे स्पष्ट झाले असावे.